एकशे एकतीस माणसं

बुधवारी सकाळी, प्रबंधाचं शेवटचं परिशिष्ट एकदाचं हातावेगळं करावं म्हणून, प्यो हेरिननं कर्करोगाच्या गाठींच्या नमुन्यांचे जनुकीय ठसे एकमेकांशी ताडून पाहिले. नमुने दोनशे बारा. माणसं निघाली एकशे एकतीस. दुसऱ्यांदा गाठ काढली की रुग्णालय नवा नंबर देत होतं, आणि ही बाई पाच वर्षं त्या नंबरांनाच माणसं समजत आली होती.

कुणाला औषध लागू पडेल आणि कुणाला नाही, हे सांगणारा प्रोग्रॅम तिनं रचला होता. त्याला शिकवताना दाखवलेलीच माणसं त्याच्या परीक्षेतही येऊन बसली होती. तो रोग ओळखत नव्हता, ओळखीची माणसं ओळखत होता. तिनं माणसं वेगळी काढून तो पुन्हा चालवला. शंभरात चौऱ्याण्णव अंदाज अचूक यायचे, ते त्रेपन्नवर आले. नाणं उडवलं असतं तरी जवळपास एवढंच जमलं असतं, आणि त्याला पाच वर्षं लागली नसती.

शुक्रवारी तिची पीएचडीची तोंडी परीक्षा होती. रडू येईल म्हणून तिनं थोडी वाट पाहिली. आलं नाही. मग सगळ्यांबरोबर खाली जाऊन ती टोफूचं सूप आणि भात जेवली.

जेवणानंतर तिनं नवे आकडे तिच्या मार्गदर्शकांना, बांग सरांना, दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही, सर."

"हे बघ, परीक्षक एवढ्या खोलात जात नाहीत. शुक्रवार पार पडू दे. पुढचं पुढे बघू."

तिला राग यायला हवा होता. पण सर दमलेले होते, आणि तिचं भलं व्हावं म्हणूनच बोलत होते. "बरं, सर," म्हणून ती बाहेर आली.

तिच्या टेबलापाशी ओक सोदाम ताटकळत उभी होती. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची पोरगी. हेरिनच्याच प्रोग्रॅमवर तिचा सगळा प्रबंध उभा राहायचा होता.

"ताई, होतीस कुठे? तुझा प्रोग्रॅम माझ्या नमुन्यांवर चालवतेय, पंचावन्नच्या वर जातच नाही! महिना झाला डोकं फोडतेय. माझंच चुकतंय गं, मी ढ आहे. सरांना सांगू नकोस हं, म्हणतील हिला उगाच घेतलं."

हेरिननं तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस. तुझे पंचावन्न बरोबर आहेत. माझे चौऱ्याण्णव खोटे आहेत."

सोदाम थट्टा समजून हसली. मग हसायची थांबली.

"पण ताई, शुक्रवारी तुझी परीक्षा आहे ना?"

"होती," हेरिन म्हणाली.