शेवट ठाऊक असलेला सामना

शनिवारचं कीर्तन चुकवायचं म्हणजे नीलांबरीच्या जिवावर यायचं. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या देवळात ती बुवांच्या मागे झांज घेऊन उभी राहायची, आणि आपण नसलो की धृपद पडतं अशी तिची पक्की समजूत होती. पण आज लेकीचा, आन्याचा, व्हॉलीबॉलचा सामना होता, आणि तो साधासुधा नव्हता. ज्यांच्याशी सामना होता त्याच बड्या विद्यापीठाकडून एका एजंटाने आन्याला विचारलं होतं, "पुढच्या वर्षी इकडे ये, जाहिराती मिळवून देतो." आताशा कॉलेजच्या खेळाडूंना असे पैसे घ्यायची मुभा आहे. उत्तर उद्या द्यायचं होतं. फी भरता भरता मेटाकुटीला आलेल्या नीलांबरीने मनातल्या मनात होकार देऊनही टाकला होता.

सामना सुरू झाला आणि तिचं लक्ष भलतीकडेच गेलं.

"परीक्षित, अरे त्या उंच उंच मुली नुसत्या बसल्यायत का?"

"राखीव आहेत," नवरा म्हणाला.

"इतक्या? आधी कुठे होत्या या?"

"आपल्यासारख्या छोट्या कॉलेजांत. जाहिराती इथे, म्हणून पोरी इथे."

"मग यांनी खेळायचं कुणाशी?"

"ते बुवांना विचार!"

तिसऱ्या सेटच्या मध्यावरच यजमानांचे प्रेक्षक मफलर गुंडाळून उठायला लागले. नीलांबरी चकित. "तुमच्याच मुली जिंकतायत ना?" तिने विचारलं. पुढच्या रांगेतली बाई हसून म्हणाली, "शेवट ठाऊकच आहे, मग ट्रॅफिकमध्ये कशाला अडकायचं?"

नीलांबरीला मोठी गंमत वाटली. कीर्तनात आख्यानाचा शेवट पोराटोरांनाही ठाऊक असतो, तरी आरतीपर्यंत कुणी हलत नाही. आणि इथे शेवट कळला की माणसं उठतात! खेळाला म्हणजे न कळण्याचाच आधार.

आन्याचा संघ सपाटून हरला. बाहेर पडताना मागून हाक आली, "मावशी!"

प्रीता होती. मागच्या वर्षापर्यंत आन्याच्याच संघात होती, घरी येऊन श्रीखंड चापायची. आता अंगावर बड्या विद्यापीठाचा शर्ट, कडक इस्त्रीचा.

"अगं, घामाचा टिपूस नाही तुझ्या अंगावर!"

"येणार कुठून? अख्ख्या सीझनमध्ये दोन सेट खेळले. फोटो माझा बसवर आहे, मावशी, आणि मी बेंचवर."

"मग परत ये की आपल्याकडे."

"बाबांचा जॉब गेला तेव्हा याच पैशांवर घर चाललं. त्याचं वाईट नाही वाटत." प्रीता तळहाताकडे बघत राहिली. "फक्त हात विसरतील, याची भीती वाटते."

नीलांबरीने तिचा हात हातात घेतला.

गाडीत आन्या ओल्या केसांनिशी मागच्या सीटवर पसरली. "आई, यू वॉन्ट मी टु से येस, ना?"

"सकाळपर्यंत हवं होतं."

"आणि आता?"

"आता कळत नाही बघ. आमच्या बुवांच्या मागे उभे राहतात ते निदान गातात तरी. इथे नुसतं बसायचेच पैसे."

"नुसतं तेवढंच नाही," आन्या उठून बसली. "मी गेले तर नेक्स्ट इयर आपली टीम आणखी लवकर हरेल. मग लोक सेकंड सेटलाच उठतील. आणि मला ते बेंचवरून बघावं लागेल."

"फीचं काय?" परीक्षितने आरशातून विचारलं.

"समर जॉब. कॅम्पसवर पण काहीतरी बघते."

"पुरेल?"

"नाही पुरणार," आन्या म्हणाली, आणि फोनवर टाइप करायला लागली.

"नाही म्हणतेयस तर नीट थँक यू लिही गं त्या एजंटला," नीलांबरी म्हणाली.

"लिहिलंय. प्रीताला पण विचारलंय, रविवारी आपल्या जिममध्ये येतेस का म्हणून. जस्ट टु हिट."

नीलांबरी मागे वळून बसली. पलीकडून प्रीता काय म्हणते, हे तिला मुक्कामाला पोचायच्या आत कळायलाच हवं होतं.