फोटोत नसलेला वण

सकाळी सव्वासहा वाजता आदिलाबादच्या बसस्थानकात तामसीहून आलेली बस झाडायला घेतली, तेव्हा मागच्या सीटखाली एक मुलगी झोपलेली सापडली. वय सहा-सात. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, पायात काही नाही. बरोबर कोणी नव्हतं. नाव विचारल्यावर तिने चंदा असं सांगितलं. बाकी जे बोलली ते झाडणाऱ्याला कळलं नाही, कंडक्टरला कळलं नाही आणि पोलिसांनाही कळलं नाही. एका शिपायाने मोबाईलवर तिचा फोटो काढला. त्यात तिचे डोळे मिटलेले आले, आणि विस्कटलेले केस भुवयांवर.

एकट्या सापडलेल्या मुलांचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे दुपारी प्रकरण गेलं. मुलींच्या वसतिगृहाचं छप्पर दुरुस्तीसाठी उतरवलेलं होतं. अशी मुलं घरी सांभाळायची सरकारी योजना होती आणि त्या योजनेत त्या भागातून एकाच घराचं नाव होतं, ते सुधाकररावांचं.

सुधाकरराव तामसीजवळ वांगी-टमाटे लावत. योजना कुठलीही असो, शिबिर भरलं की दरखास्त द्यायची, असा त्यांचा नेम होता. ठिबकसाठी दिली होती, शेडनेटसाठी दिली होती, एकदा मधमाश्यांच्या पेट्यांसाठीही दिली होती. काहीच मिळालं नव्हतं, त्यामुळे परक्या मुलांना घरी ठेवायच्या योजनेत नाव लिहिताना त्यांना काही विशेष वाटलं नाही. पुढे योजनेच्या कचेरीतून घर पाहायला रंजीता मॅडम आल्या, तेव्हा विमलबाईंना वाटलं, या ठिबकवाल्या. त्यांनी चहा केला आणि नवऱ्याने बोट ठेवलं तिथे दस्तखत केलं. सरकारने मंजूर केलेली सुधाकररावांची ही पहिली दरखास्त.

जीपमधून मुलगी उतरली तेव्हा विमलबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ठिबक ठिबक म्हणून हे काय आणून ठेवलं घरात?"

"दोन-चार दिवसाची गोष्ट हाये," सुधाकरराव म्हणाले.

विमलबाईंची मुलगी रुपा लग्न होऊन मुधोळला गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. घरात लहान मुलाचं काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी चंदाला न्हाऊ घातलं, केसांतल्या उवा काढल्या आणि तेव्हाच त्यांना डाव्या भुवईवरचा वण दिसला. भुवई मध्येच तुटलेली, तेवढ्या जागेत केस नाहीत. चांगलं नाक, चांगले डोळे आणि मधेच हे. त्या दिवसापासून त्या चंदाच्या केसांची एक बट कपाळावर आणून चापून बसवू लागल्या. वर थोडी पावडर. पोरीला पाहायला शेजारणी येत होत्या, आणि परक्याचं लेकरू आहे म्हणून हयगय केली असं कोणी म्हणायला नको होतं.

महिन्याभरात चंदा विमलबाईंना आजी म्हणू लागली आणि भाकरीवर ठेचा मागू लागली.

मग रंजीता मॅडमचा फोन आला. आईबाप शोधायचे म्हणजे फोटो पेपरात द्यावा लागतो, नियम आहे. पोलिसांकडचा फोटो डोळे मिटलेला, त्याचा उपयोग नाही. तुम्हीच एक साधा फोटो काढून पाठवा. विमलबाईंनी यातला 'पेपरात' हा शब्द तेवढा धरला. त्यांच्या घरातलं कोणी आजवर पेपरात आलं नव्हतं.

त्यांनी रुपाच्या लहानपणीचा जरीचा परकर पेटीतून काढला, दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या, टिकली लावली आणि चंदाला घेऊन आदिलाबादला महिपतच्या स्टुडिओत गेल्या. महिपतने मागे गुलाबांचा पडदा सोडला. त्याच्या स्टुडिओतून कोणी आपल्या मूळ रंगात बाहेर पडत नसे. लग्न जमवायचे फोटो काढून त्याचा हात तसा बसला होता. त्याने चंदाला चार छटा उजळ केलं आणि बटेखालून डोकावणारी तुटकी भुवई जोडून दिली. विमलबाईंनी सांगितलं नव्हतं. पाहिल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "आता कशी राजाची पोरगी दिसून राह्यली."

समितीने फोटोवर शिक्का मारला. तो मिसलीत, म्हणजे प्रकरणाच्या फायलीत, लागला आणि पेपरातही छापून आला. वर कोणाच्या तरी जुळ्या नातवंडांना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, खाली चंदा, आणि चंदाच्या खाली तेलुगूत बारीक अक्षरांच्या चार ओळी. गावातल्या म्हाताऱ्यांना तेलुगू वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं, ते वाढदिवसाच्या फोटोखालचा मजकूर वाचत बसत नाहीत. सकाळपासून विमलबाईंना अभिनंदनाचे फोन आले. नार्नूरच्या मावसबहिणीने परकराचं कापड कुठून घेतलं ते विचारलं. रुपाने विचारलं, काऊन व माय, आमच्या पोराचा वाढदिवस तर कधी पेपरात टाकला नाही तुमी.

मुलगी आमची आहे, असं सांगणारा फोन आला नाही. संध्याकाळपर्यंत विमलबाई त्याच फोनची वाट पाहत होत्या, आणि तो आला नाही म्हणून त्यांनी रात्री शिरा केला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

रंजीता मॅडम कामात कसूर करणाऱ्या नव्हत्या. पेपराचं कात्रण घेऊन त्या वीटभट्ट्यांवर फिरल्या, कारण पोरीची भाषा इथली नव्हती आणि तिथे ओडिशाकडची माणसं दर हंगामात येतात. नार्नूरच्या पलीकडच्या एका भट्टीवर सुकांती नावाच्या बाईने कात्रण हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, ही कुठल्या तरी मोठ्या घरची दिसते, नशीबवान आहे. मग ती रडायला लागली. तिचीही मुलगी हरवली होती. टोळी एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर निघाली होती. बसस्थानकाजवळ सुकांती पाणी भरायला गेली, तेवढ्यात मुकादमाने सगळ्यांना दोन टेम्पोंत कोंबलं. मुलगी दुसऱ्या टेम्पोत नणंदेजवळ असेल असं तिला वाटलं, आणि नणंदेला वाटलं आईजवळ असेल. नंतर शोधायला जाऊ म्हटलं तर हंगाम संपेपर्यंत भट्टी सोडायची नाही, असं मुकादमाने बजावलं. मुलगी काळीसावळी, केस भुरे, डाव्या भुवईवर वण. नाव चंदाच, पण त्या एका भट्टीवरच आणखी तीन चंदा होत्या.

मॅडमनी हे सगळं नीट लिहून घेतलं आणि कचेरीत येऊन दुसरी मिसल उघडली. आता जिल्ह्याकडे आई नसलेली एक मुलगी होती आणि मुलगी नसलेली एक आई. दोन्ही मिसली एकाच कपाटात, एकीवर एक, महिनाभर राहिल्या.

एप्रिलच्या अखेरीस मॅडम न कळवता तामसीकडे आल्या. चंदा नुकतीच न्हाऊन ओल्या केसांनी अंगणात उभी होती. केस मागे सारलेले, कपाळ मोकळं. मॅडम चपला न काढताच ओट्यावर थांबल्या. तिच्याजवळ गेल्या, हनुवटी धरून चेहरा वर केला आणि आत पाहत विचारलं, हा वण कधीचा.

सुधाकरराव पटकन म्हणाले, "पडली असंल खेळता खेळता. पोट्टी लय वांड हाये."

विमलबाई हातात टॉवेल घेऊन दारात आल्या होत्या. मॅडम असं का विचारताहेत, ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि तरी समजलं होतं. नवऱ्याने वाट काढून ठेवलेली होती. नुसतं हो म्हटलं असतं, किंवा काहीच म्हटलं नसतं, तरी चाललं असतं.

"पैलेपासून हाये," त्या म्हणाल्या. "आली तवापासून."

समितीपुढे जायच्या सकाळी त्यांनी चंदाला समजावलं: सायबाइसमोर रडू नाही, हात बांधून बसायचं, आजीनं सांगितल्याशिवाय जागचं उठू नाही. मुलगी आपल्याकडे बिघडली असं दिसू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. चंदाने तंतोतंत ऐकलं. सुकांतीला आत आणलं, ती दारातच खाली बसली आणि तिच्या भाषेत हाका मारू लागली. चंदा हात बांधून बसून राहिली. फक्त तिने मान वळवून विमलबाईंकडे पाहिलं, उठू का, असं विचारल्यासारखं. अध्यक्षांनी लिहून घ्यायला सांगितलं: मुलीने ओळख दाखवली नाही.

वणाचा मुद्दा निघाला. अध्यक्षांनी मिसलीतला फोटो पुढे केला. शिक्क्याच्या या फोटोत वण नाही. मग विमलबाई न विचारता उभ्या राहिल्या आणि स्टुडिओवाल्याने भुवई जोडल्याचं सांगून टाकलं. आणि पोरीले मीच बसून राहायले सांगितलं होतं, हेही सांगितलं.

अध्यक्ष बोलायला सौम्य होते. फोटो खोटा असेल, तर तो तुम्ही दिला. फोटो खरा असेल, तर वण तुमच्या घरी झाला. दोन्हींचा खुलासा लेखी द्या. शिवाय मुलीला पढवून आणल्याचाही. महिपतला फोन लावून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की कार्ड भरलं की जुने फोटो तो पुसून टाकतो.

विमलबाई खाली बसल्या तेव्हा सुधाकरराव हळूच म्हणाले, "तुले कोन विचारलं होतं?"

"कोनीच नाही," विमलबाई म्हणाल्या.

मायलेकींच्या रक्ताची तपासणी हैदराबादेत करून घ्यायचं ठरलं. समिती जेवायला उठली. व्हरांड्यात सुकांती भिंतीला टेकून बसली होती. विमलबाईंनी चंदाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाय." चंदा गेली आणि आईच्या मांडीत शिरली. तोवर कामकाजाचं लिखाण बंद झालं होतं, त्यामुळे हे कुठे नोंदलेलं नाही.

जूनमध्ये भट्टी थांबली आणि टोळी ओडिशाला परतली. सुकांती गेली नाही. ती आता सुधाकररावांच्या मळ्यात वांगी तोडते आणि विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत राहते. नातं सिद्ध होईपर्यंत मुलगी तिच्या ताब्यात देता येत नाही, म्हणून चंदा दिवसभर आईच्या मागे मळ्यात असते आणि झोपायला विमलबाईंकडे येते. आईशी ती वऱ्हाडी वळणाची मराठी बोलते, सुकांती तिला आपल्या भाषेत उत्तर देते. सुकांतीला भाकरी थापता येत नाही. विमलबाई शिकवतात, आणि शिकवताना एकदाही हसत नाहीत. खुलाशाला सुधाकररावांनी उत्तर दिलं आहे. त्याची पोच आलेली नाही. वसतिगृहाचं छप्पर पूर्ण होत आलं आहे, अशी बातमी आहे.

गेल्या आठवड्यात रंजीता मॅडमचा फोन आला. रक्ताचे नमुने हैदराबादेत स्वीकारले नाहीत. रक्त घेताना काढलेला मुलीचा फोटो आणि मिसलीतला शिक्क्याचा फोटो एकाच मुलीचा दिसत नाही, असा शेरा आहे. समितीने आधी नवा फोटो मंजूर करायचा, मग पुन्हा रक्त घ्यायचं. त्यासाठी बैठक व्हायला हवी. बैठकीची तारीख अजून ठरलेली नाही.