जीपचं रबर

गाडीतलं मला फार कळतं, असा माझा समज होता. समज कसला, माज होता. बांधकाम खात्याच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या पुलांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे आणि रविवारी लुंगी लावून गाडीखाली शिरायचं. वर येताना हात कोपरापर्यंत काळे असले की मला आपण इंजिनिअर झाल्यासारखं वाटे.

गाडी १९४९ सालची विलायती मोटार. नागपूरच्या सदर भागात एक रेल्वेतले गार्ड रिटायर होऊन देश सोडून निघाले होते, त्यांच्याकडून घेतली. महाल भागातल्या आमच्या गल्लीत मोटार फक्त माझीच. गल्लीतली माणसं तिला 'बुढी' म्हणत. मेकॅनिकच्या हातात मी ती कधी दिली नाही. "तो काय माझ्यापेक्षा जास्त करणार आहे?" हे माझं ठरलेलं वाक्य होतं. ते ऐकलं की माझी बायको प्रमोदिनी दुसरीकडे बघायची.

समोरच्या घरात चंपतराव राहत. मूळचे पारशिवनीकडचे. शेती भावानं सांभाळली आणि हे एस.टी.त ड्रायव्हर झाले. अठरा वर्षांत एकही अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला पितळी बिल्ला ते चिंचेनं घासून लख्ख करत आणि खाकी शर्टावर लावूनच घराबाहेर पडत. बोलणं मोजकं. पण एखादं वळण कसं घ्यावं हे सांगायला लागले की माणूस कीर्तनाला बसल्यासारखा बसून राही. त्यांच्या बायकोला, जयवंताला, मी वहिनी म्हणत असे.

ही गोष्ट शहात्तर सालची. श्रावणात बुढीचा ब्रेक नरम लागायला लागला. पेडल दाबलं की पाय कापसात गेल्यासारखा वाटे. मी मास्टर सिलिंडर उघडला. त्यात अर्ध्या रुपयाएवढी एक रबरी वाटी असते. पाय दाबला की ब्रेकचं तेल पुढे ढकलायचं काम तिचं. तिची कड झिजली की तेल मागच्या मागे निसटतं आणि पेडल खाली बसत जातं. आमची वाटी कडेला पार झिजली होती.

एवढ्याशा रबरासाठी मी नागपूर पालथं घातलं. सदरच्या पार्टवाल्यानं वाटी चिमटीत धरली, हसला आणि म्हणाला, "बाबूजी, ये गाडी तो अजायबघर में दे दो." कबाड्यांचे ढीग उपसले. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एक रबराचं काम करणारा आहे असं कुणी तरी सांगितलं, तर सायकल मारत तिथंही जाऊन आलो. तो पंपाचे वॉशर करायचा, ब्रेकचं काम घेत नव्हता. शेवटी सदरवालाच म्हणाला, "बम्बई से मंगवा देता हूँ. बीस-पच्चीस दिन पकडो." मी ऑर्डर दिली आणि थांबायचं ठरवलं.

थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

त्याच आठवड्यात पारशिवनीहून निरोप आला की वहिनींच्या आईची तब्येत बरी नाही. चंपतरावांना शनिवार-रविवारची रजा मिळाली. ते काही मागायला आले नव्हते, सहज ओट्यावर सांगत होते. मीच छाती काढून म्हटलं, "बसनं काय जाता? आपली गाडी न्या. शनिवारपर्यंत ब्रेक तयार करून ठेवतो."

तोंडातून गेलं ते गेलं. दुसऱ्या दिवशी मी कबाड्याकडून जीपची वाटी उचलून आणली. नवी होती, पण किंचित मोठी. ती पॉलिश पेपरवर गोल गोल फिरवून दोन संध्याकाळी घासली आणि बसेल एवढी बारीक केली. रबराची कड घासून चालत नाही, तीच तर तेल अडवते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण घासलेलं रबर सिलिंडरमध्ये इतकं सुरेख बसलं की मी माझ्याच हातांवर खूश झालो.

मग ब्रेकमधली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. प्रमोदिनी पदर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर बसली, मी चाकाशी. "दाब. धरून ठेव. सोड." असं अर्धा तास चाललं. शेवटी पेडल कडक झालं. मी हात पुसत उभा राहिलो तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, नुसता पाय ठेवून बसलं ना, की हे हळूहळू खाली जातंय."

"नवीन रबर आहे. बसेल."

"पण जातंय खाली. बघा तरी."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं. ती उतरली आणि कणीक मळायला निघून गेली. ती गेल्यावर मी स्वतः बसून पाहिलं. जोरात दाबलं तर पेडल दगडासारखं. हलका पाय ठेवला तर अगदी सावकाश, खाली. मी पाय काढला आणि गाडीचं दार लावून टाकलं.

शनिवारी सकाळी चंपतरावांनी किल्ली घेतली. ड्रायव्हर माणूस, बसल्या बसल्या ब्रेक दोनदा दाबून बघितला. कडक लागला. तरी मला विचारलं, "ब्रेक बरोबर झाले काय, केशवभाऊ?"

"फर्स्ट क्लास," मी म्हटलं.

रविवारी संध्याकाळी ते परत यायचे, ते ट्रकमधून आले. मागे ट्रकवर चढवलेली बुढी. वहिनींचा उजवा हात गावच्या दवाखान्यात फळी बांधून गळ्यात अडकवलेला. चंपतरावांना कुठं खरचटलंही नव्हतं, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पारशिवनीहून निघाल्यावर एक उतार आहे आणि उताराच्या तळाशी छोटा पूल. उतारावर ते ब्रेकवर हलका पाय ठेवूनच येत होते. पुलाजवळ गुरं आडवी आली. त्यांनी पाय दाबला आणि गाडी थांबली नाही. गुरांना वाचवायला त्यांनी ती पुलाच्या कठड्यावर घातली. वहिनींनी समोर हात टेकला होता, तो मनगटात मोडला.

"मंग पंचनाम्याले आलेल्या हवालदारानं ब्रेक दाबून पायला," चंपतराव सांगत होते. "कडक! मी पायला, कडक! मंग थांबली काहून नाही गा?"

वहिनी म्हणाल्या, "पाय ब्रेकवरच होता ह्यायचा. मी पायला ना. सारा आत दाबला होता."

त्या वेळी ओट्यावर आम्ही चौघंच होतो. मला उत्तर माहीत होतं: हलक्या पायाखाली पेडल उतारभर बसत जाऊन तळाला टेकलं होतं, आणि पाय काढून नव्यानं दाबलं की ते कडकच लागणार. आणि मी काय बोललो? मी म्हटलं, "वहिनी, घाईत असं वाटतं. चंपतराव, एस.टी.चं पेडल केवढं मोठं असतं, ह्या गाडीचं बोटभर. सवय नाही. पाय बाजूला पडला असेल."

चंपतरावांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. प्रमोदिनीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग ती वहिनींसाठी चहा ठेवायला आत गेली.

मंगळवारी, तिसऱ्या दिवशी, सांगितलेल्या मुदतीच्या आधीच मुंबईचं पार्सल आलं. आत बरोबर मापाची वाटी, तेलकट कागदात गुंडाळलेली. बुधवारी ऑफिसला दांडी मारून मी जीपचं रबर काढलं. त्याची कड एका बाजूनं आत वळली होती. नवं रबर बसवलं आणि काढलेलं बिस्किटाच्या डब्यात टाकलं. फेकून का दिलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढल्या सोमवारी चंपतराव कोरा कागद घेऊन आले. "तुमचं अक्षर चांगलं हाय. एक अर्ज लिहून द्या. मले बसवर नको. वर्कशॉपात टाका म्हणा. मांगं साठ माणसं बसली राहतात गा. ह्या पायाचा भरोसा नाही राहिला."

"कशाला घाई करता?" मी म्हटलं. एवढंच म्हटलं. मग टाक घेतला आणि लिहिलं. सुबक अक्षरात, परिच्छेद पाडून. 'माझ्या पायावरचा माझाच विश्वास उडाल्याने प्रवाशांच्या जिवाची जोखीम पत्करणे मला उचित वाटत नाही.' हे वाक्य माझं. डेपो मॅनेजरनी अर्जाच्या भाषेचं कौतुक केलं म्हणे. हे चंपतरावांनीच मला येऊन सांगितलं, आनंदानं.

वर्षभर मी त्यांना समोरून जाताना बघत होतो. खाकी शर्टाऐवजी तेलकट निळा डगला. बिल्ला नाही. वहिनींचं मनगट वाकडं बसलं. त्या लाटणं डाव्या हातात धरायच्या आणि पोळीची एक कड जाड राहायची. सणाची पोळी आमच्याकडे आली की ती जाड कड मी तोडून ताटात बाजूला ठेवी. प्रमोदिनी ताटाकडे बघायची आणि ताट उचलून न्यायची. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षीचा दसरा. सकाळी मी बुढीला धुऊन हार घातला होता. संध्याकाळी चंपतराव सोनं घेऊन आले. मला आपट्याची पानं दिली, गळ्यात गळा घातला. मग गाडीकडे वळले. बॉनेटवर पानांची चिमूट ठेवली, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, "माफ कर वं माय. माह्या पायानं घात केला तुहा."

माझ्यानं ते बघवेना. मी आत गेलो आणि डबा घेऊन आलो. जीपचं रबर त्यांच्या हातावर ठेवलं.

वर्षभर वर्कशॉपात काढलेला माणूस. त्यांनी ते दोन बोटांत फिरवलं, कडेवरून अंगठा नेला.

"हे घासलेलं हाय."

"हो."

"कोणं?"

"मी. तुम्ही पारशिवनीला गेलात तेव्हा हेच आत होतं. हलका पाय ठेवला की पेडल बसत जायचं. मला माहीत होतं."

"काढलं कवा?"

"चौथ्या दिवशी."

"अन् अर्ज?"

"नवव्या."

चंपतराव ओट्याच्या पायरीवर बसले. उजव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि तळपाय हातात घेतला. मला वाटलं आता हे रबर माझ्या तोंडावर फेकतील. फेकायला हवं होतं.

"वर्षभर याले शिव्या देऊन राहिलो मी," ते म्हणाले. "रोज सकाळी चप्पल घालताना. जयवंता म्हणे, पाय ब्रेकवरच होता, मी पायला. मी तिच्यावर ओरडलो. खोटं काहून बोलतं म्हटलं, मले सांभाळून घ्याले खोटं बोलतं म्हटलं. मंग तिनं बोलणंच सोडलं."

"चंपतराव, दुसरा अर्ज लिहितो. आजच. पहिला मागे घेता येईल."

"लिही." पंधरा वर्षांच्या शेजारात ते पहिल्यांदा मला एकेरीत बोलले. "रबराचं लिही, अन् तुह्यं नाव बी लिही. पण आधी जा अन् तिले सांग. तू सांग. मी नाही सांगणार."

मी रबर घेऊन समोरच्या घरात गेलो. वहिनी चुलीपाशी पुरणाची पोळी लाटत होत्या, लाटणं डाव्या हातात. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. घासलेली कड, प्रमोदिनीनं सांगितलेलं, मुंबईचं पार्सल, अर्ज. काही लपवलं नाही. सांगून संपलं तरी त्यांचं लाटणं चालूच होतं.

"मी तवाच सांगतलं होतं, भाऊजी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुमी म्हटलं, घाईत असं वाटते."

"हो वहिनी."

"मंग मले बी तसंच वाटाले लागलं. का आपलेच डोळे चुकले असतीन." त्यांनी तव्यावरची पोळी उलटली, पीठ लागलेला वाकडा हात पदराला पुसला आणि उठून माझ्या खांद्यावरून बाहेर बघत मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलं काय वो? पाय ब्रेकवरच होता तुमचा!"

आमच्या ओट्यावरून चंपतरावांचा आवाज आला.

"हो वं. होता."

वहिनी तिथंच खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. तव्यावरची पोळी करपायला लागली होती. ती उतरवायलाही मी पुढे झालो नाही, कारण त्या घरातल्या कशालाच हात लावायची माझी हिंमत नव्हती.