शेवटच्या पानावर हेर सबनीस

इसाओ नेगोरो वारले तेव्हा शेजारच्या प्रणव सबनीसकडे त्यांच्या घराची किल्ली होती, त्यांचा एक जुना कॅमेरा होता, आणि त्यांच्याविरुद्ध केलेल्या लेखी तक्रारीची प्रत होती. किल्ली आणि कॅमेरा नेगोरोंनी स्वतः आणून दिला होता. तक्रार मात्र पूर्णपणे प्रणवची निर्मिती.

नेगोरोंचं आयुष्य तसं एका वाक्यात संपतं: ते एकट्याने मेलेल्या माणसांच्या खोल्यांचे फोटो काढायचे. चोवीस वर्षांचे असताना, ओसाकात लग्नांचे फोटो काढत होते, तेव्हा त्यांचा काका खोलीत मेला आणि ते कळायला अकरा दिवस लागले. सामान हलवायला गेलेल्या नेगोरोंनी हलवायच्या आधी फोटो काढले, आणि नंतर पुन्हा कुठल्या लग्नाला गेले नाहीत. पुढे एका मासिकाने त्यांना हॅम्बर्ग बंदराचे फोटो काढायला तीन महिन्यांसाठी धाडलं. मासिक दुसऱ्या महिन्यात बंद पडलं आणि यांना परत बोलवायचं सगळेच विसरले. मग इथल्या खोल्या. घर रिकामं करणारे लोक दहाला यायचे, नेगोरो नऊला. एक रोल, बारा फोटो. वेगळा दिवा लावायचा नाही, चमचासुद्धा हलवायचा नाही. दार उघडल्यावर जे दिसेल ते.

चाळीस वर्षांत तीनशेच्या वर खोल्या झाल्या आणि तीन पुस्तकं. एकदा मोठ्या म्युझियममध्ये प्रदर्शनही लागलं. हॅम्बर्गमध्ये घर मिळायची अशी मारामार, की प्रदर्शनात सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "ही खोली अजून रिकामी आहे का?" नेगोरोंनी दोघातिघांना पत्ते दिले. एकाला घर मिळालंसुद्धा.

प्रणव विमानाच्या दारांवर काम करायचा. आणीबाणीत दार बाहेरूनही पटकन उघडतं की नाही, हे तपासायचा पगार त्याला मिळे. तो घरी नसताना त्याची पार्सलं नेगोरो घेऊन ठेवत. दोघांचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे एकमेकांचं नीट कळायचं.

मार्चमध्ये नेगोरो कॅमेरा आणि घराची किल्ली घेऊन आले.

"चौथं पुस्तक झालंय. शेवटचं पान रिकामं ठेवलंय. तिथे माझी खोली. मी मेलो की तू काढ."

"आत्ताच काढू या की. ऊनही बरं आहे."

"आत्ता मी जिवंत आहे. खोटं होईल."

"आणि मी आधी गेलो तर? तुम्ही माझी काढणार?"

नेगोरोंनी त्याच्या खोलीभर नजर फिरवली. "नाही. तुझ्याकडे फार माणसं येतात."

प्रणवने शब्द दिला आणि किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली.

नेगोरोंचा गजर सकाळी सहाला व्हायचा आणि दुसऱ्या ठोक्याला बंद व्हायचा. भिंत पातळ, त्यामुळे हे प्रणवला पाठ होतं. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी तो बंदच झाला नाही, वीस मिनिटं वाजत राहिला. शनिवारीही वीस मिनिटं. प्रणवने कानावर उशी घेतली. रविवारी कापूस घातला. सोमवारी त्याने इमारत सांभाळणाऱ्या ऑफिसला, म्हणजे हाउसफेरवाल्टुंगला, पत्र लिहिलं. जर्मनच्या परीक्षेत तक्रारीचं पत्र लिहायचं असतं. त्यात त्याला पैकीच्या पैकी होते आणि ती विद्या तेव्हापासून गंजत पडली होती. पत्र सुंदर झालं. पाकीट त्याने त्याच ड्रॉवरमधून घेतलं. किल्ली बाजूला सारून.

तेव्हा सासूबाई, ऊर्मिलाबाई, पुण्याहून आलेल्या होत्या. त्यांची लेक स्वरूपा, म्हणजे प्रणवची बायको, ऑफिसच्या कामाने डार्मश्टाटला. दिवसभर बघायला त्यांना फक्त जिना होता.

"प्रणवराव, शेजारच्यांचे बूट शुक्रवारपासून हललेले नाहीत."

"आई, इथे कोणी कोणाच्या बुटांकडे बघत नाही."

"म्हणून तर मी बघितलं."

हे सोमवारचं. बुधवारी त्यांनी जावयाला दंडाला धरून नेलं आणि दार उघडायला लावलं. उंबऱ्याच्या आत एक कागद पालथा पडला होता. कसला ते प्रणवला उलटून न बघता कळलं. जर्मनीत कुठल्याही पत्राला इतक्या लवकर उत्तर येत नाही, या एकाला आलं होतं, आणि ते नोटीस म्हणून नेगोरोंच्या दाराखालून सरकवलेलं होतं. नेगोरो स्वयंपाकघरात जमिनीवर होते.

"पडल्यावर लगेच गेले नसावेत," डॉक्टर म्हणाला. "शनिवार. कदाचित रविवार." उशी की कापूस, असं प्रणवला विचारावंसं वाटलं.

माघारी कोणी नव्हतं. कोर्टाने नेमलेल्या माणसाने प्रकाशक बाईंना ईमेलने परवानगी दिली: पुढच्या शुक्रवारी, आठ ते नऊ, फोटो. दहाला घर रिकामं करणारे येतील. आता एवढंच हातात उरलं होतं, आणि ते तरी नेगोरोंच्या पद्धतीने करायचं, असं प्रणवने ठरवलं.

शुक्रवारी आठला त्याने दार उघडलं. आत उदबत्तीचा आणि लिंबाच्या साबणाचा वास होता. फरशी चकचकीत. कप घासून पालथे घातलेले. नेगोरोंची बनियनं आठवड्याच्या वारांप्रमाणे सात घड्यांत रचलेली.

"आई."

सासूबाई पदराला हात पुसत मागून आल्या. "काल तुम्ही ऑफिसला गेलात तेव्हा ड्रॉवरमधली किल्ली घेतली आणि आवरून टाकलं. गेलेल्या माणसाचं घर असं ठेवतात होय? खरकटी ताटली होती हो सिंकमध्ये. परकी माणसं येणार सामान न्यायला."

"आई, तीच ताटली पाहिजे होती मला."

"मग सांगायचं होतं. मला काय माहीत तुमच्याकडे ताटलीचे फोटो काढतात." त्यांनी सिंककडे बघितलं. "परत करू का पसारा? मला सगळं आठवतंय. ताटली उजवीकडे, काटा तिच्यावर आडवा. बनियन खुर्चीच्या पाठीवर. औषधाची बाटली लोळलेली."

प्रणवने क्षणभर खरंच विचार केला. अर्ध्या तासात झालं असतं. मग त्याचं लक्ष स्वयंपाकघराच्या फरशीकडे गेलं. नेगोरो जिथे पडले होते बरोबर तिथे पिठाचा गोल ढीग होता आणि त्यावर निरांजन जळत होतं.

"वात दक्षिणेकडे आहे," सासूबाई म्हणाल्या. "मोबाइलवर दिशा बघितली."

"आणि खाली कागद?"

"फरशीला तेलाचा डाग नको म्हणून. दाराशी पडला होता. चांगला जाड होता."

प्रणव गुडघ्यांवर बसला. पिठाने पत्राचा मजकूर झाकला होता. बाहेर राहिल्या होत्या दोनच ओळी: 'विषय: शांतताभंग' आणि 'तक्रारदार: हेर प्रणव सबनीस, तिसरा मजला, डावीकडे'. हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत.

"पसारा परत केला तर," त्याने हळूच विचारलं, "हा कागद कसा ठेवाल?"

"होता तसा. दाराशी, पालथा."

म्हणजे एक पांढरा कागद. चौथ्या पुस्तकात एक पांढरा कागद, आणि कुणालाच काही कळणार नाही. वर सगळं हुबेहूब. पण एकदा कोणीतरी नेगोरो पोचायच्या आधी मेलेल्याची दारूची बाटली फेकून दिली होती, तेव्हा त्यांनी फोटो बाटलीशिवायच काढला होता. बाटली कचऱ्याच्या डब्यात, दोन हातांवर दिसत होती.

"नको," प्रणव म्हणाला. "तुम्ही फक्त जिन्यात थांबा."

त्याने बारा फोटो काढले. अकरा फोटोंत घर असं दिसत होतं की आता पाहुणे येतील. बारावा त्याने गुडघ्यांवर बसून काढला, निरांजनाच्या उजेडात, आणि दोन्ही ओळी स्पष्ट येताहेत ना, हे दोनदा बघितलं. दहाला माणसं आली. एकाने निरांजन फुंकून विझवलं, नियमात बसत नाही म्हणून, आणि पीठ पत्रासकट पिशवीत गेलं.

महिन्याभराने प्रकाशक बाईंची ईमेल आली. बारावा फोटो पुस्तकाला शोभेसा आहे, शेवटचं पान तेच. फक्त एक अडचण: त्यात एका खाजगी व्यक्तीचं नाव वाचता येतं. सोबत डाटेनशुट्झचा, म्हणजे खाजगी माहिती जपायच्या कायद्याचा, फॉर्म जोडलाय. हेर सबनीस यांची नाव छापायला संमती आहे की नाही, यातल्या एका चौकोनात खूण करावी. 'नाही' असल्यास नाव पुसट करू, कारण द्यायची गरज नाही.

कारण द्यायची गरज नाही, हे वाक्य त्याने बऱ्याच वेळा वाचलं. इतका सोयीचा फॉर्म त्याला या देशात पहिल्यांदाच भेटला होता. तो आठवडाभर टेबलावर होता. स्वरूपाने त्यावर दोनदा चहाचा कप ठेवला. मग रविवारी सकाळी सहाला, कुठलाही गजर नसताना प्रणव उठला, 'हो'वर खूण केली, सही केली आणि पाकिटासाठी ड्रॉवर उघडला. किल्ली परत द्यायची राहूनच गेली होती.

शेजारी आता नवा भाडेकरू आहे, त्याला घर लगेच मिळालं याचा आनंद आहे. सासूबाई पुण्याहून रोज फोन करतात. तब्येत, जेवण, पाऊस, आणि मग शेवटी विचारतात, "बूट हलले का?"

प्रणव दार उघडून बघतो.

"हलले, आई."