मागेल त्याला

गाडीतल्या पडद्यावर, सहसा कुणी उघडत नाही अशा अखेरच्या पानावर कंपनीने लिहिले होते : या प्रणालीतील मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे मूळ संगणकीय मजकूर, मागेल त्याला तीन वर्षांपर्यंत पाठवला जाईल. हे वचन पाळण्याचे काम जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या बाईंकडे होते. मागणारे विरळाच. सहकारी त्यांना थट्टेने 'दानाध्यक्ष' म्हणत. जेवायला जाताना हाक मारायचे मात्र विसरत.

त्या दिवशी एका निवृत्त भूमापकाची विनंती आली. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय असलेल्या त्या गृहस्थांनी लिहिले होते : 'हिला जाऊन वर्ष झाले. गाडी तीच चालवत असे. तिने गाडीच्या नकाशात साठवलेल्या जागांसकट कोड पाठवावा. वर्कशॉपमध्ये आज नवे सॉफ्टवेअर घालणार आहेत.'

नियमाप्रमाणे ठरावीक उत्तर धाडायचे. बाईंनी फोन लावला.

"काका, कोडमध्ये तुमच्या जागा नसतात हो. तो सगळ्या गाड्यांचा एकच. जागा आहेत तुमच्याच गाडीत, आणि नवं घातलं की पुसल्या जातील."

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग, "घ्या! काखेत कळसा नि गावाला वळसा. हिनं हेच ऐकवलं असतं."

"आधी वर्कशॉपवाल्यांना थांबवा. मग पडद्याचे फोटो काढून घ्या."

जेवणाच्या सुट्टीत फोन पुन्हा वाजला.

"मिळाल्या, ताई! मेकॅनिक वायर जोडतच होता. वाचू का? 'चष्मेवाला'. 'वन्सं'. 'यांचे दात'." ते हसले, आणि थबकले. "'रुसायची जागा'."

"ती कुठली?"

"नकाशात तळं दिसतंय. भांडण झालं की गाडी काढून निघायची. मला वाटे, बहिणीकडे जाते. मी कधी विचारलंही नाही."

वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खळखळून हसले.

"जाऊन बघा ना एकदा," त्या म्हणाल्या.

"जातो. आता कोड नको म्हणा. पण ताई, पुन्हा काही मागावंसं वाटलं तर?"

"मागा की! तीन वर्षं हक्क आहे तुमचा."

विनंतीची नोंद बंद न करता तशीच ठेवून बाईंनी डबा उघडला.