खिडकीखालचे रविवार

"नवीन मशीन घे की. पैसे मी देते," जाऊबाई खिडकीतून म्हणाल्या.

मी एका कानावरचा हेडफोन बाजूला सारला. ऐकू आले होते, पण त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायचे होते.

"काय म्हणालात?"

"बहिरी झालीस का गं? नवीन घे म्हटलं. हे तुझं डबडं नुसतं हिंडतंय. अंगणच झाडायचं असेल तर खराटा देते मी, स्वस्तात पडेल."

"डबडं असू दे. माझ्या कमाईचं आहे," असे म्हणून मी हेडफोन पुन्हा कानावर ओढला आणि त्यांच्या खिडकीखालून पुढे सरकले. अगदी सावकाश. त्यांना नीट दिसावे म्हणून.

जमिनीतला धातू शोधायचे मशीन ते. हातात दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी गोल तबकडी. ती जमिनीला जवळजवळ लावून डावी-उजवीकडे फिरवायची. खाली धातूचे काही असले की कानात आवाज होतो. मी इस्पितळाच्या कपडेखान्यात आयुष्यभर चादरी आणि डॉक्टरांचे डगले शिवले. निवृत्त झाले तेव्हा बरोबरीच्या बायकांनी टीव्ही घेतले, कोणी सहलीला गेल्या. मी हे मशीन घेतले. माझे यजमान तेव्हा हयात होते. म्हणाले, "अगं, विसर आता." मी म्हटले, "तुम्ही विसरा. चोर तुम्हाला नाही कोणी म्हटलं."

गोष्ट सासूबाईंच्या अंगठीची. तेव्हा आम्ही सगळे याच घरात राहत होतो. मागच्या अंगणात नळ, नळाशी धुण्याचा दगड, पलीकडे पेरूचे झाड आणि झाडापासून भिंतीपर्यंत कपड्यांची तार. अजूनही डोळे मिटले की त्या तारेवरच्या ओल्या चादरींचा वास येतो. नवी सून होते, धुणे माझ्याकडे होते, आणि मला ते आवडायचेही. घरात दिवसभर माणसे. नळापाशी मी एकटी असायचे, वाटेल ते गुणगुणायचे. त्या दिवशी सासूबाई हात धुवायला आल्या, अंगठी काढून दगडावर ठेवली आणि आतून कोणी हाक मारली म्हणून तशाच गेल्या. परत आल्या तर अंगठी नाही. मी चादर पिळत होते, दगडाकडे पाहिलेही नव्हते. बादलीचा धक्का लागला असेल, पाण्याबरोबर वाहून गेली असेल. कोणाच्याही मनात हेच आले असते. पण सगळ्यांच्या आधी जाऊबाई बोलल्या.

"दुसरं कोण होतं इथे? धाकटीच होती ना?"

मग मला अंगणात गुडघ्यांवर बसवले. पिठाची चाळण हातात दिली आणि नळापासून पेरूपर्यंतची माती चाळायला लावली. दुपारभर. जाऊबाई मागच्या दाराच्या पायरीवर उभ्या होत्या. "नीट बघ," त्या म्हणत होत्या, "कुठे ठेवलीस ते तुझं तुलाच माहीत." शेजारच्या गच्चीवरून बायका बघत होत्या. एक तर आत जाऊन आपल्या बहिणीला बोलावून घेऊन आली. संध्याकाळी हे कामावरून आले, त्यांनी मला दंडाला धरून उठवले, आणि लवकरच आम्ही दोन खोल्यांचे वेगळे बिऱ्हाड केले.

अंगठी सापडली नाही, नाव मात्र चिकटले. सासूबाई गेल्या त्या माझ्याकडे न बघता. नात्यातल्या कुठल्याही लग्नात मी खोलीत शिरले की बायकांच्या पर्स या मांडीवरून त्या मांडीवर जायच्या. हळूच. कोणी काही बोलायचे नाही. बोलले असते तर उत्तर तरी देता आले असते.

मशीन घेतले तोवर दीर गेले होते, पुतण्या परगावी होता आणि घरात जाऊबाई एकट्या. मी फाटक उघडून आत गेले आणि म्हटले, "अंगठी शोधायचीय." त्या हसल्या. म्हणाल्या, "शोध. जन्मभर शोध."

मी त्यांचा शब्द मोडला नाही. रविवार निवडला, कारण त्यांची कामाची बाई रविवारी येत नाही. मधे दुसरे कोणी नको होते.

सुरुवातीला त्यांनी मला पळवून लावायचे उपाय केले. मशीन पत्र्याला ओरडते हे त्यांच्या लक्षात आले. मग गोळी घेतली की रिकामी पट्टी खिडकीबाहेर. रक्तदाबाची, साखरेची, सांध्यांची. त्या चंदेरी पन्नीला मशीन बिचारे दर वेळी ओरडायचे, मी दर वेळी वाकायचे, आणि वरून आवाज यायचा, "लागली का गं सोन्याची खाण?" शेवटी मी मशीनवरची एक कळ फिरवली. त्या कळीने पन्नी गाळता येते. पन्नी आली तरी मशीन गप्प राहते. जाऊबाईंची करमणूक बंद झाली. मला वाटले, जिंकले.

अंगठी मिळेल असे हळूहळू वाटेनासे झाले होते. पण रविवार सुटत नव्हता. मी केस नीट बांधून, धुतलेले कपडे घालून जायचे, एखाद्या समारंभाला जावे तशी. कमरेच्या ऑपरेशननंतर जाऊबाई वॉकरशिवाय हलत नव्हत्या. मागच्या पायऱ्या त्यांना बंदच झाल्या होत्या. त्यांची खुर्ची खिडकीशी, खिडकीसमोर अंगण आणि अंगणात मी. दुसरीकडे बघायची सोयच मी ठेवली नव्हती.

आणि आता त्या मशीन घेऊन देते म्हणत होत्या! फेरी मारून मी परत खिडकीखाली आले तेव्हा त्या वाटच बघत होत्या.

"हट्टीपणा करू नकोस. एक काय ते होऊ दे. सापडली तर मी चुकले. इतकं करूनही नाही सापडली तर तू घेतलीस. मरायच्या आधी मला कळू दे."

"आणि मला नको कळायला?"

"तुला काय, तुला पहिल्यापासून ठाऊक आहे तू घेतली नाहीस ते."

बोलून गेल्या त्या. त्यांच्या तोंडून असे काही मी प्रथमच ऐकत होते. इथे माझे समाधान व्हायला हवे होते. झाले नाही. मला आणखी हवे होते.

तरी मी दुकानात गेलेच. दुकानदाराने माझे मशीन उलटसुलट करून पाहिले.

"मावशी, हे अजून चालतंय? याला हार घालून भिंतीवर लावा आता." मग त्याचे बोट कळीवर थांबले. "ही इथे कोणी फिरवली?"

"मीच. पन्नी टाळायला."

"आणि शोधताय काय?"

"अंगठी. सोन्याची. नाजूक आहे."

त्याने कपाळावर हात मारला. "अहो मावशी, नाजूक अंगठी आणि पन्नी या मशीनला सारखीच. पन्नीला गप्प बसवलंत तर अंगठीपण गप्पच बसणार ना!"

मी तिथल्या स्टुलावर बसले. त्यांनी पट्ट्या फेकल्या, मी कळ फिरवली. दोघींनी मिळून ती अंगठी नव्याने पुरली होती.

दुकानदाराने नवीन मशीन हातात दिले. हलके, पुढे छोटा पडदा. खाली काय आहे त्याप्रमाणे पडद्यावर आकडा उमटतो, किती खोल आहे तेही दिसते. त्याने बोटातली अंगठी काढून जमिनीवर ठेवली आणि आकडा दाखवला. "पन्नीचा आकडा उड्या मारतो. अंगठीचा हलत नाही. रविवारी घेऊन जा, वापरा, मग ठरवा."

रविवारी मी नवीन मशीन घेऊन फाटकातून शिरले तशा जाऊबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"घेतलंस?"

"दुकानाचं आहे. ठरवायचंय अजून."

पट्ट्यांवरून जाताना आकडे माकडासारखे उड्या मारत होते. मी पुढे जात राहिले. धुण्याचा दगड अजून तिथेच आहे. त्याच्या कडेला, पाणी वाहून जायचे त्या बाजूला, तबकडी आली आणि कानात एक स्वच्छ, गोल आवाज झाला. मी तबकडी परत फिरवली. तोच आवाज. पडद्यावर आकडा ठाम उभा होता. दुकानदाराच्या अंगठीचा होता तोच.

"काय गं?" वरून आवाज आला.

"काही नाही. तुमच्या साखरेची पट्टी."

"पट्टीला तू थांबत नाहीस."

मी वर पाहिले नाही.

"मी बघते ना दर रविवारी. पट्टी असली की तू तोंड वाकडं करतेस. आता नाही केलंस." त्यांचा आवाज बदलला. "खण."

मी पिशवीतून खुरपे काढले. नळ गळत असल्यामुळे माती मऊच होती. दोन घाव घातले असते तर संपले असते. खुरपे मी हातात तोलून पाहिले आणि पुन्हा पिशवीत ठेवले.

"खण गं, धाकटे!"

"पुढच्या वेळी बघू," मी म्हटले. "आज माझे गुडघे दुखतायत."

जाऊबाईंनी चौकट धरून उठायचा प्रयत्न केला. जमले नाही. मी फाटकाची कडी नीट लावली आणि घरी आले. गरम गरम जेवले आणि अशी झोपले, जशी लग्नाआधी आईच्या घरी झोपायचे.

मशीन परत द्यायला गेले तेव्हा दुकानदार हिरमुसला. "का मावशी? काही सापडलं नाही का?"

"सगळं सापडतं याने. म्हणूनच नको."

त्याला वाटले पैशांची अडचण असेल. हप्त्याने द्या म्हणाला. भला माणूस. त्याला काय सांगणार?

त्यानंतर मी पुन्हा जुनेच मशीन नेऊ लागले. कळ पन्नी गाळण्यावरच ठेवलेली. दगडाच्या कडेवरून मी तबकडी मुद्दाम दोनदा फिरवायचे. मशीन गप्प.

"तिथेच! दगडापाशी!" खिडकीतून आवाज यायचा.

"काही वाजत नाही बघा."

"त्या दिवशी वाजलं होतं."

"तुम्हीच म्हणता ना, डबडं आहे म्हणून."

त्यांनी गोड बोलून पाहिले. शिव्या देऊन पाहिल्या. एकदा खिडकी लावून घेतली आणि मी कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत उघडली. एकदा रडल्याही. मी म्हटले, "कामाच्या बाईला सांगा ना खणायला. धडधाकट आहे."

"तिला काय सांगू? कशासाठी खण म्हणू? घरातल्या बाईला चोर ठरवलं होतं ते सांगू?"

"सांगा की. तेव्हा तर अख्ख्या गल्लीला सांगितलं होतंत."

हे बोलून मला किती बरे वाटले म्हणून सांगू. घरी जाताना वाटेत मी एकटीच हसत होते.

मग एका रविवारी खिडकीत कोणी नव्हते. खुर्ची होती, उशी होती, जाऊबाई नव्हत्या. पुढचे दार नुसते लोटलेले होते. वेगळे बिऱ्हाड केल्यापासून मी त्या घरात पाऊल टाकले नव्हते. आज मशीनसकट स्वयंपाकघरापर्यंत गेले. मागचे दार सताड उघडे. वॉकर उंबऱ्याशी आडवा पडला होता.

जाऊबाई खाली अंगणात होत्या. बसत बसत पायऱ्या उतरल्या असाव्यात. गाऊन मागून मातीने भरला होता. दगडाशी गुडघ्यांवर टेकून त्या वाढायच्या डावाने माती उकरत होत्या. आजूबाजूला छोटे छोटे खड्डे, कोंबडीने केल्यासारखे. सगळे चुकीच्या जागी. केस सुटून तोंडावर आले होते. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हात थांबवून बघत होती.

मी कुठे उभी आहे ते मला तेव्हा कळले. त्याच पायरीवर.

'नीट बघा.' माझ्या जिभेवर होते. इतकी वर्षे मी ते शब्द त्यांच्यासाठीच जपले होते. आता नुसते तोंड उघडायचे होते.

जाऊबाईंनी मान वर केली नाही. "आलीस?" त्या म्हणाल्या. "बघून घे. मग सांग कुठे ते."

मी मशीन भिंतीला टेकवले.

"थोडं डावीकडे," मी म्हटले.

डाव डावीकडे सरकला. त्यांनी उकरले, हाताने माती बाजूला केली, पुन्हा उकरले. मी खाली उतरले, पण वाकले नाही. तेवढे मी केले नाही. मग मातीत काहीतरी पिवळे दिसले. त्यांनी ते बोटांनी काढले, गाऊनला पुसले आणि तळहातावर ठेवून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"काय सापडलं हो आजी?" गच्चीवरून त्या बाईने विचारले.

जाऊबाईंनी मान वर केली. आवाज तोच काढला, पायरीवरचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा.

"अंगठी! माझ्या सासूची! माझ्या जावेने चोरली नव्हती!"

गच्चीवरची बाई बिचारी नवीन भाडेकरू. तिला ना सासू माहीत, ना अंगठी, ना मी. ती अवघडून हसली. "हो का? बरं बरं," म्हणाली आणि पुढचा कपडा झटकून तारेवर टाकला.

बाकी गच्च्या रिकाम्या होत्या. ज्यांनी ऐकायला हवे होते त्यांच्यापैकी कोणीच उरले नव्हते. आम्ही दोघीच.

"धाकटे," जाऊबाई म्हणाल्या, "उठव मला."

त्यांनी हात वर केला. अंगठी त्यातच होती. मी तो हात धरला. त्या जड होत्या आणि माझ्यातही पूर्वीचे बळ नव्हते. अर्ध्यापर्यंत आलो आणि तिथेच थांबलो, दोघी धापा टाकत. अंगठी दोन तळव्यांच्या मधे होती. मला टोचत होती, त्यांनाही टोचत असणार. हात सोडला असता तर त्या पडल्या असत्या.