पस्तीसची रेघ

केसाची एक पिन, टोकाशी वाकलेली.

नागपूरच्या गर्दीत भागाबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या अनवाणीच परतल्या.

तांबड्या समुद्रातल्या एका मालवाहू जहाजावरचा फोन लागत नाही.

फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्यामागे, बोटाएवढी बाटली. तळाशी चार थेंब.

समुद्रफूल मिटलं.

*

मिटलेलं फूल, म्हणजे काचेच्या टाकीतला तो फुलासारखा जिवंत प्राणी, मैत्रेयीने बस डेपोच्या ऑफिसातून घरी आल्या आल्या पाहिलं. फुलाशेजारी केशरी पट्ट्यांचे दोन मासे असायचे. मोठा तळाशी बसून होता. लहान वरच्या कोपऱ्यात तोंड उघडून धापा टाकत होता.

टाकी तिच्या भावाची, अमरदीपची. जहाजावर इंजिनियर असलेल्या या पोराने बीदरच्या लाल मातीत, समोरच्या खोलीत, समुद्राचा तुकडा आणून ठेवला होता. जाताना त्याने बहिणीच्या हातात पाण्यातलं मीठ मोजायची एक नळी दिली. तिच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळं आणि पांढरं जिथे मिळतं ती रेघ पस्तीसवर हवी.

"हत्यार हाय हे," तो म्हणाला होता. "हत्यार खोटं बोलायलं की तुला कळणार न्हाई. म्हणून आधी हत्यार तपासायचं, मग पाणी. बाटलीतलं पाणी पक्कं पस्तीसचं हाय. त्याच्यावर रेघ हलली, तर वरचा पेच फिरवायचा. पण जपून वापर, थोडंच राह्यलंय."

शेजारच्या सोजराबाई तेव्हा दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

*

दसऱ्याला मैत्रेयी आणि तिची आई भागाबाई नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या, तेव्हा किल्ली सोजराबाईंकडे होती. टाकीतलं पाणी आटतं, तेवढं जारचं गोडं पाणी रोज तांब्याने टाकायचं, एवढंच काम.

परत आल्यावर मैत्रेयीने नळी डोळ्याला लावली. रेघ तीसवर.

"अक्का, पाणी किती टाकलंत?"

"सांगितलं तितकंच की गं."

"मग मीठ कमी कसं झालं?"

"मला काय ठाऊक माय, मी काय समुद्रात राहिले व्हय?" असं म्हणून सोजराबाई हसल्या, पण नेहमीसारखं नाही. पदर सावरत लगेच निघून गेल्या.

अक्कांनी घागर रिकामी केली असणार, असं मैत्रेयी धरून चालली. बाटली तिने फ्रीजमधून काढली, उजेडात धरली, चार थेंब पाहिले आणि परत ठेवली. ते संपले आणि पुढे खरीच गरज पडली तर? अमरदीपला विचारायची सोय नव्हती. कंपनीचा माणूस रोज तेच सांगायचा, जहाज ठीक आहे, संपर्क होत नाही. टीव्हीवर त्याच तांबड्या समुद्रात एक जहाज जळत होतं. ते कुणाचं, हे कुणी सांगत नव्हतं.

तिने मीठ कालवून टाकीत सोडलं. रोज थोडं. रेघ वर सरकली, एकतीस, बत्तीस. भागाबाईंनी खुर्ची टाकीसमोर ओढली आणि त्या तिथून हलेनात.

"माशाकडं बघून काय व्हायलंय, माय?"

"काय होत न्हाई. आपण असलं मानत न्हाई," भागाबाई म्हणाल्या, आणि बघत राहिल्या. जेवणाचं ताटही तिथेच मागवलं.

ज्या दिवशी रेघ पस्तीसला टेकली, त्याच दिवशी फूल मिटलं.

*

पस्तीस. सगळं बरोबर. आणि टाकी मरायलीय.

मैत्रेयीला पहिल्यांदा नळीचीच भीती वाटली. हातातली ही वस्तू आपल्याला रोज काय सांगत होती? तिने बाटली आणली. काचेवर पहिला थेंब सांडला. दुसरा बसला. डोळा लावला.

तीस.

पक्क्या पस्तीसच्या पाण्याला नळी तीस म्हणत होती. म्हणजे चांगल्या पाण्यात ती मीठ ओतत गेली होती. म्हणजे आत्ता टाकीत चाळीस. तिने नळी तिरकी केली. पेचाच्या खाचेत काहीतरी लाल.

ती तशीच शेजारी गेली. नळी पाहताच सोजराबाई सांगू लागल्या.

"खंडेनवमी होती गं. आमच्या रामकिशनच्या पान्ह्याला, शिवराजच्या मोटरसायकलला, सगळ्याला कुंकू लावलं. म्हटलं, अमरदीपचं हत्यार नुसतंच ऱ्हायचं व्हय? पोरगं तिकडं पाण्यात. ते पेचाचं भवरं हाय का वर, कपाळावानी, तिथं लावलं. मग आठवलं, तुम्हाला चालत न्हाई. पुसलं. खाचेतलं निघंना, तर पिनेनं..."

"पिनेनं काय, अक्का?"

"कोरलं. जरा फिरलं ते. मी म्हटलं, काय व्हतंय."

मैत्रेयीला रागावता आलं नाही. घरी येऊन तिने उरलेल्या थेंबावर पेच फिरवला, रेघ पस्तीसवर आणली. मग टाकीतलं पाणी पुन्हा पाहिलं. चाळीसच.

"माय, ऊठ. पाणी पातळ करायचंय. हळूहळू, एकदम न्हाई."

भागाबाई उठल्या नाहीत. टाकीकडे बघतच म्हणाल्या, "मला दिसलं होतं."

"काय?"

"कुंकू. नागपूरहून आल्या दिवशीच. त्या पेचात."

"मग बोललीस कामून न्हाई?"

"वाटलं, असू दे. कुणी का होईना, माझ्या लेकरासाठी काही केलंय. मी पुसलं, आणि तिकडं काही झालं, तर?"

मैत्रेयीने जारमधून तांब्या भरला. तो आईने तिच्या हातातून घेतला आणि टाकीच्या कडेने, भिंतीला धार लावून, इतकं हळू ओतला की पृष्ठभाग हलला नाही. कोपऱ्यातला लहान मासा कलंडला, सावरला, पुन्हा कलंडला. दाराशी सोजराबाई उभ्या होत्या, आत येत नव्हत्या.

"ये की आत," भागाबाई म्हणाल्या. "दुसरा तांब्या तू भर."

दिवाळीत अमरदीपचा फोन आला, तेव्हा टाकीत एकच मासा होता.